दर्याच्या तळाचे इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आणताना: कामाचा क्रम आणि ठरलेल्या चुका

इंग्रजी सागरकथांच्या आणि सबटायटलांच्या मराठी अनुवादात काही चुका इतक्या ठरलेल्या असतात, की मूळ वाक्य पाहूनच त्या कुठे होणार हे सांगता येतं. 'लॉस्ट विथ ऑल हँड्स'चं 'सर्व हातांसह हरवलं' होतं. 'डेड इन द वॉटर'चं 'पाण्यात मेलेलं' होतं. आणि 'डेव्ही जोन्सेस लॉकर'चं 'डेव्ही जोन्सचा लॉकर' होतं, जी चूक वरवर चूक वाटतही नाही. पण मराठी वाचकाला लॉकर म्हटलं की बँक, किल्ली आणि दागिने आठवतात. खलाशी 'डेव्ही जोन्सच्या लॉकरमध्ये गेला' असं वाचून त्याला बिचाऱ्याला घबाड मिळालं असं वाटतं. मुळात तो बुडून मेलेला असतो.

या चुका करणाऱ्यांचं इंग्रजी कच्चं असतं असं नाही. त्यांचा क्रम उलटा असतो. वाक्प्रचार दिसला की शब्दकोश उघडायचा, अर्थ उचलायचा, वाक्यात बसवायचा आणि पुढे जायचं. समुद्राच्या भाषेत हे चालत नाही, कारण इथे एकच शब्द कधी खऱ्या पाण्याबद्दल असतो, कधी कर्जाबद्दल, तर कधी उलटीबद्दल. आधी पाण्यात काय घडलं ते ठरवायचं, शब्द मागून शोधायचे. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि त्याच क्रमाने करावेत.

कामाला बसण्याआधी

सगळा मजकूर एकदा नुसता वाचून काढा. वाचताना काही साध्यासुध्या शब्दांवर खूण करत जा: बॉटम, डीप, हँड्स, बोर्ड, लेड, साउंड, फॅदम, लॉकर, फिशेस, केबल, बीम. हे शब्द रोजच्या वापरातले असल्यामुळे नजर त्यांच्यावरून घसरते, आणि घात इथेच होतो. 'डेव्ही जोन्स' दिसला की कुणीही थांबतो. 'बोर्ड' दिसला की कुणी थांबत नाही.

खूण केलेल्या प्रत्येक जागेसाठी चार गोष्टी लिहून ठेवा. कोण कुणाशी बोलतंय, त्या क्षणी जहाज कुठे आहे, कुणी खरोखर बुडालंय का, आणि कथेचा काळ कोणता. वहीचं अर्धं पान पुरतं. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा पुढच्या प्रकरणात असतं, म्हणूनच आधी पूर्ण वाचायचं.

शिडाच्या जहाजाचं, भागांची नावं दिलेलं एक चित्र समोर ठेवा. सोबत मराठी दर्यावर्दी शब्दांची स्वतःची यादी करा: गलबत, मचवा, तारू, शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, खलाशी, तांडेल, उधाण, भरती, ओहोटी, वाव. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) अजूनही उपयोगी पडतो. फक्त तो उलट्या बाजूने, म्हणजे मराठी शब्द मनात धरून चाळावा लागतो.

सावधान: यादीत आहे म्हणून शब्द वापरायचा नसतो. ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाला 'नाखवा' म्हटलं की वाचक थेट मासेमारीच्या होडीवर जाऊन पोहोचतो. 'तांडेल' मात्र लस्करांच्या, म्हणजे हिंदी खलाशांच्या टोळीवरच्या माणसाला चपखल बसतो. इंग्रजी कागदपत्रांतला 'टिंडल' तोच.

टप्पा १: पाणी खरं आहे का, ते ठरवा

प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारा: या वाक्यात खरं पाणी आहे का? उत्तर तीनांपैकी एक येतं. खरं आहे, नाही, किंवा दोन्ही.

'नाही' हे उत्तर सोपं. वाटाघाटी 'डेड इन द वॉटर' आहेत असं कुणी म्हणालं तर त्या ठप्प आहेत, एवढंच. मुळात जहाजाची गती पूर्ण थांबलेली असणं हा त्याचा अर्थ. बुडण्याशी किंवा मरण्याशी त्याचा संबंध नाही. हाच शब्द खऱ्या जहाजाबद्दल आला तर 'जहाज जागच्या जागी उभं होतं' किंवा 'यंत्र बंद पडून जहाज नुसतं तरंगत होतं' असं लिहावं.

'सी चेंज'ही याच वर्गातला. आज त्याचा अर्थ आमूलाग्र बदल. मूळ जागा मात्र बुडण्याचीच आहे: शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधल्या एका गाण्यात बुडालेल्या माणसाच्या हाडांची पोवळी आणि डोळ्यांचे मोती होतात, त्या पालटाला हा शब्द आहे. वर्तमानपत्री मजकुरात आला तर 'कायापालट' लिहून मोकळं व्हा. सागरकथेत, तेही बुडालेल्या माणसाच्या संदर्भात आला, तर लेखक जुन्या जागेकडे बोट दाखवतोय का ते पाहा.

'दोन्ही' हे उत्तर आलं की वेळ द्यावा लागतो. जहाज खरोखर पाणी घेतंय आणि त्याच वेळी कप्तान कर्जातही बुडालाय, आणि लेखकाने 'सिंकिंग' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरलाय. इथे मराठी आपल्या बाजूने आहे, कारण आपल्याकडेही पैसे बुडतात, कर्ज बुडीत जातं, शाळा बुडवली जाते, दिवससुद्धा बुडतो. पण हीच सोय उलटूही शकते. 'वादळात कप्तान बुडाला' यात शंका नाही. 'त्या फेरीत कप्तान बुडाला' असं लिहिलं तर तो मेला की कंगाल झाला हे वाचकाला कळणार नाही. मुळात दुहेरी अर्थ असेल तर हे वाक्य सोन्यासारखं. नसेल तर 'बुडून मेला' असं स्वच्छ लिहा.

पडताळा: वाक्यातून समुद्र काढून टाका आणि तीच गोष्ट एखाद्या दुकानाबद्दल आहे असं समजा. अर्थ टिकला तर पाणी रूपकाचं. कोसळला तर खरं.

टप्पा २: जहाजाचं नेमकं काय झालं?

इंग्रजीत बुडण्याला अनेक क्रियापदं आहेत आणि प्रत्येकात कारण वेगळं आहे. सरसकट 'बुडालं' लिहिणं ही दुसरी मोठी चूक.

'फाउंडर' म्हणजे पाणी भरून बुडणं. बोलणी 'फाउंडर' झाली तर ती फिसकटली. 'स्कटल' म्हणजे आपणच जहाजाला भोक पाडून किंवा झडपा उघडून ते मुद्दाम बुडवणं. यातला 'मुद्दाम' कधीही गाळू नका. योजना 'स्कटल' केली म्हणजे ती बारगळली नाही, कुणीतरी ती हाणून पाडली. 'कॅप्साइझ' म्हणजे उलटणं, आणि उलटलेली होडी बुडतेच असं नाही. 'ऑन द रॉक्स' म्हणजे खडकावर चढून बसलेलं. हे संसाराबद्दल म्हटलं तर संसार मोडायच्या बेतात आहे. 'ऑन हर बीम एंड्स' म्हणजे जहाज इतकं कलंडलेलं की डेकला आधार देणारे आडवे वासे जवळजवळ उभे झालेत. माणसाबद्दल म्हटलं तर तो पैशाने पार डबघाईला आलाय.

'गो बाय द बोर्ड'मधला 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजू. डोलकाठी तुटून बाजूवरून समुद्रात जाते, तो प्रसंग. त्याचं 'मंडळाकडून जाणं' झालेलं मी पाहिलंय. लाक्षणिक अर्थाने आला तर मराठीत 'पाणी सोडणं' नेमकं बसतं: सुट्टीच्या बेतावर पाणी सोडावं लागलं. 'गो ओव्हरबोर्ड' वेगळं, त्याचा लाक्षणिक अर्थ अतिरेक करणं. आणि 'मॅन ओव्हरबोर्ड' ही आरोळी आहे. आरोळीला क्रियापद लागत नाही: 'माणूस पाण्यात!' एवढंच. 'एक मनुष्य जहाजावरून खाली पडला आहे' असं कुणी ओरडत बसलं तर तो मनुष्य वाचायचा नाही.

'ऑल हँड्स'मधले हँड्स म्हणजे जहाजावर काम करणारी माणसं. 'लॉस्ट विथ ऑल हँड्स'साठी 'जहाज माणसांसकट बुडालं' किंवा 'एकही खलाशी वाचला नाही' असं लिहावं. 'लॉस्ट' दिसला म्हणून 'हरवलं' नको. हरवलेलं जहाज सापडू शकतं.

आणि 'बॉटम'. जुन्या व्यापारी इंग्रजीत हा शब्द खुद्द जहाजासाठी येतो. माल 'फॉरिन बॉटम्स'मधून गेला म्हणजे परदेशी जहाजांतून गेला. समुद्रतळाचा तिथे काही संबंध नाही.

टप्पा ३: खोलीचा हिशोब

तळाशी निगडित वाक्प्रचारांपैकी बरेचसे एका दोरीतून आले आहेत. ती दोरी डोळ्यांसमोर नसेल तर अर्थ हमखास चुकतो, म्हणून हा टप्पा जरा सावकाश.

दोरीच्या टोकाला शिशाचं वजन. वजनाच्या बुडाशी खळगा, त्यात चरबी भरलेली. खलाशी जहाजाच्या बाजूला उभा राहून वजन पुढे भिरकावतो, दोरी उभी झाली की खोली वाचतो आणि ओरडून सांगतो. चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा असं जे चिकटून येतं, त्यावरून खाली तळ कसा आहे ते कळतं. दोरीवर २, ३, ५, ७, १०, १३, १५, १७ आणि २० फॅदमवर (फॅदम म्हणजे खोलीचं सहा फुटी माप) खुणा असतात: कातड्याच्या पट्ट्या, वेगवेगळ्या कापडाच्या चिंध्या, गाठी. अंधारातही बोटांना किंवा ओठांना फरक कळावा म्हणून त्या वेगवेगळ्या. पाणी खुणेशी आलं तर तो 'बाय द मार्क' म्हणतो. मधल्या, खूण नसलेल्या आकड्याशी आलं तर अंदाजाने 'बाय द डीप'.

आता वाक्प्रचार सुटे होतात. सहाला खूण नाही, म्हणून 'बाय द डीप सिक्स'. सहा फॅदम म्हणजे ३६ फूट, जवळजवळ ११ मीटर. 'टू डीप सिक्स' म्हणजे कायमचं फेकून देणं, विल्हेवाट लावणं. कागदपत्रं 'डीप सिक्स' केली तर ती 'गायब केली' किंवा 'नाहीशी केली'. इथे नेहमी होणारी गल्लत म्हणजे याला 'सिक्स फीट अंडर'चं भावंड समजून 'सहा फूट खोल गाडलं' लिहिणं. 'मार्क ट्वेन' म्हणजे दोन फॅदमची खूण, १२ फूट पाणी. मिसिसिपीवरच्या आगबोटींना तेवढं पाणी सुरक्षित होतं. अमेरिकन लेखक सॅम्युएल क्लेमेन्स यांनी 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव घेतलं ते इथून.

'स्विंगिंग द लेड' म्हणजे अंगचोरपणा, आजाराचं सोंग करून काम टाळणं. 'शिसं फिरवणं' लिहून वाचकाला काही कळणार नाही. 'ऑन साउंडिंग्ज' म्हणजे दोरी तळाला पोहोचू शकेल अशा, रूढ हिशोबाने १०० फॅदमच्या आतल्या पाण्यात. 'ऑफ साउंडिंग्ज' म्हणजे त्यापलीकडे, खोल दर्यात. इथला 'साउंड' आवाजाचा नव्हे, खोली मोजण्याचा. 'दे वेअर साउंडिंग ऑल नाइट'चं 'ते रात्रभर आवाज करत होते' झालं की पुढचं सगळं प्रकरण भुताटकीचं वाटायला लागतं.

फॅदमचं काय करायचं? एक फॅदम म्हणजे ६ फूट, १.८३ मीटर. मराठीत याला 'वाव' हा चांगला शब्द आहे: दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही पसरलेले हातच आहेत. कथा-कादंबरीत वाव वापरा, आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच उलगडा: 'पाच वाव पाणी, म्हणजे पाच पुरुष हात पसरून उभे राहिले तर होईल तेवढं.' तांत्रिक मजकुरात मीटर द्या. एकाच पुस्तकात कधी वाव, कधी फॅदम, कधी मीटर असा गोंधळ नको. आणि 'वाव मिळणं', 'वाव असणं' या दुसऱ्या 'वाव'शी गाठ पडू नये म्हणून आकडा आणि 'पाणी' हे दोन शब्द सोबत ठेवा. 'बारा वाव पाणी' म्हटलं की शंका राहत नाही.

क्रियापद म्हणून 'फॅदम' आला, तर थांग लागणं, ठाव लागणं, उमगणं. 'साउंड समवन आउट'साठी मराठीत खडा टाकून पाहणं आहे, पाणी जोखणं आहे. यात छटा आहे: मत काय आहे ते हळूच काढायचं असेल तर खडा टाकतात, माणसाची कुवत ओळखायची असेल तर पाणी जोखतात. 'गेट टू द बॉटम ऑफ इट' म्हणजे छडा लावणं, मुळाशी जाणं. 'तळाशी जाणं' नव्हे.

सावधान: 'तळ' हा शब्द मराठीत दोन घरचा पाहुणा आहे. 'चाच्यांनी तळ गाठला' म्हणजे ते बुडाले, की छावणीवर पोहोचले? 'समुद्राचा तळ' किंवा 'तळाला गेले' असं लिहा.

टप्पा ४: मेला म्हणजे बुडाला असं नाही

खलाशांच्या भाषेत मरणाला अनेक नावं आहेत आणि त्यातली निम्मी बुडण्याची नाहीत. अनुवादक मात्र सगळ्यांना पाण्यात ढकलतो.

'स्लिप्ड हिज केबल': नांगर वर न ओढता दोर सोडून देऊन निघून जाणं, त्यावरून मरणं. माणूस अंथरुणात मेला तरी चालतो. 'गॉन अलॉफ्ट': वर गेला. हे मराठीत जसंच्या तसं चालतं. डोलकाठीवर चढण्यालाही इंग्रजीत हाच शब्द, ती श्लेषाची गंमत तेवढी जाते. 'लॉस्ट द नंबर ऑफ हिज मेस': जेवणाच्या पंगतीतली त्याची जागा रिकामी झाली, म्हणजे मेला. 'क्रॉस्ड द बार': बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा ओलांडून बाहेर गेला. इथला 'बार' दारूचा नव्हे, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. 'स्वॉलोड द अँकर' यात तर कुणी मेलेलंच नाही. दर्याची नोकरी सोडून माणूस जमिनीवर स्थायिक झाला, एवढंच.

'फीड द फिशेस' मात्र जपून. याचे दोन अर्थ आहेत: बुडून मरणं, आणि बोट लागून समुद्रात ओकणं. पहिला दिवस, खवळलेला दर्या, नवखा प्रवासी आणि कठडा एवढं जमलं असेल तर तो ओकतोय. मराठीत 'बोट लागणं' हा त्यासाठीचा हुकमी शब्द आहे, आणि त्यातही खोच आहेच, कारण बोट धक्क्यालाही लागते. 'त्याला बोट लागली' लिहा, नुसतं 'बोट लागली' नको. दुसरा, मरणाचा अर्थ असेल तर 'माशांच्या तोंडी गेला'.

'स्लीप विथ द फिशेस' हा खलाशांचा शब्द नाही, गुंडांचा आहे. कुणीतरी मारून प्रेत पाण्यात टाकलंय. त्यात खून हवा, नुसता अपघात नाही.

टप्पा ५: मराठी शब्द आता शोधा

इथवर आल्याशिवाय मराठी पर्यायाला हात घालू नये. आता तीन वाटा, आणि त्यांचाही क्रम आहे.

पहिली वाट, तयार मराठी वाक्प्रचार. 'कीप वन्स हेड अबव्ह वॉटर' म्हणजे तग धरून राहणं. उलट बाजूने, कर्जातून डोकं वर काढता न येणं हेही आपल्याकडे आहेच. धंदा बुडाला की तो गाळात जातो, बाजार कोसळला की तळ गाठतो, राज्य बिघडलं की रसातळाला जातं. कामाचा लोंढा आला की नाकातोंडात पाणी जातं, नवख्याला जमेना की तो गटांगळ्या खातो. बुडत्याला काडीचा आधार तर इंग्रजी म्हणीशी शब्दाला शब्द जुळतो.

पण जुळणी दिसली म्हणून ती तपासायची सोडू नका. 'इन डीप वॉटर' म्हणजे मोठ्या अडचणीत. 'खोल पाण्यातला मासा' म्हणजे आतल्या गाठीचा, लबाड माणूस. दोन्हींत खोल पाणी आहे, बाकी काही नाही. 'बुडत्याचा पाय खोलात' इथे जास्त जवळचा, तोही संकटात संकट वाढत असेल तरच. 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी'ला 'इकडे आड तिकडे विहीर' उत्तम. फक्त भर दर्यात, चहूकडे पाणीच पाणी असताना, खलाशाच्या तोंडी आड आणि विहीर आली की वाचक हसतो. तिथे 'पुढे मरण, मागे मरण' असं साधं बरं. या वाक्प्रचारातला 'डेव्हिल' म्हणजे जहाजाच्या फळ्यांमधली एक सांध, ही कहाणी बरेच जण तळटिपेत देतात. ती सिद्ध झालेली नाही. देऊ नका.

दुसरी वाट, साधा अर्थ. शब्दाला शब्द जुळत नसेल तर सरळ 'बुडून मेला' लिहिण्यात कमीपणा नाही. घाईच्या, मारामारीच्या प्रसंगात तेच उत्तम.

तिसरी वाट, मूळ प्रतिमा ठेवणं. ती फक्त प्रतिमा पुढे पुन्हा येणार असेल तर.

एक उदाहरण जवळून पाहू. वादळानंतर बोसन, म्हणजे खलाशांवरचा मुकादम, म्हणतो, की तोफांची 'पावडर' निम्मी 'डेव्ही जोन्स'ला गेली आणि आपणही मागोमाग जाणार होतो. पहिला हात असा येतो: 'निम्मी दारू डेव्ही जोन्सकडे गेली.' वाचतो तो हसतो. डेव्ही नावाच्या कुणी निम्मी दारू ढोसली असं चित्र उभं राहिलं. दुसरा हात: 'निम्मी बारूद समुद्राच्या तळाशी गेली आणि आम्हीही जाणार होतो.' अर्थ बरोबर, पण बोसन नाही, अहवाल बोलतोय. तिसरा: 'निम्मी बारूद दर्यानं गिळली. आपलाही घास घेणार होता, थोडक्यात चुकलो.' यात डेव्ही जोन्स नाही, तरी समुद्र खातो ही भावना राहिली, आणि गिळण्याला घास जोडल्यामुळे दुसरं वाक्य पहिल्यातूनच आलं. 'आम्ही'चं 'आपण' झालं, कारण बोसन त्याच जहाजावरच्या लोकांशी बोलतोय. त्यासाठीच तयारीत 'कोण कुणाशी' लिहून घेतलं होतं.

टप्पा ६: डेव्ही जोन्स नावासकटच हवा असेल तर

कधी नाव काढता येत नाही. कथेत तो पात्र असतो, किंवा प्रकरणाचं नावच ते असतं. मग तीन गोष्टी पाळा.

एक, तो कोण ते वाक्यातच कळू द्या: 'दर्याच्या तळाशी बसलेला डेव्ही जोन्स'. तळटीप नको. तो चाचा नाही, समुद्रातला सैतान आहे. १७५१ सालच्या एका इंग्रजी कादंबरीत त्याला दातांच्या तीन ओळी, शिंगं, शेपूट आणि नाकपुड्यांतून निळा धूर आहे. नाव कुठून आलं याबद्दल अनेक तर्क आहेत, एकही पक्का नाही. त्यामुळे व्युत्पत्ती सांगायच्या मोहात पडू नका.

दोन, 'लॉकर'ला पेटी किंवा पेटारा म्हणा. जहाजावर खलाशी आपलं सामान ठेवतो ती पेटी. 'डेव्ही जोन्सच्या पेटाऱ्यात गेला' यात वर झाकण पडल्याचा भास आहे, जो मुळातही आहे. तिजोरी, खजिना, कोठार बाद.

तीन, जोडीला 'फिडलर्स ग्रीन' आहे का ते पाहा. तो खलाशांचा स्वर्ग: न थांबणारं व्हायोलिन, न संपणारी दारू, नाच. दोघांनाही 'परलोक' म्हटलंत तर बरा खलाशी आणि बुडालेला खलाशी एकाच जागी जातात आणि लेखकाचा सगळा विनोद मातीत जातो.

टप्पा ७: सूर आणि धर्म

'जलसमाधी' हा मराठीतला सर्वांत हाताशी असलेला शब्द, म्हणून सर्वांत जास्त चुकीच्या जागी पडणारा. बातमीत 'बोटीला जलसमाधी' चालतं. 'वॉटरी ग्रेव्ह'ला, गंभीर निवेदनात, तेच योग्य. पण दारूच्या घोटाबरोबर खलाशी एकमेकांना 'डेव्ही जोन्स'ची धमकी देतायत तिथे जलसमाधी आली की ते कीर्तनकार वाटू लागतात. 'बुडवीन', 'माशांना घालीन' असं बोलू द्या त्यांना.

'गंगेला मिळालं', 'गंगार्पण', 'वैकुंठवासी' हे शब्द अटलांटिकवर टाळा. 'पाताळ' आणि 'रसातळ' रूपक म्हणून चालतात, समुद्रतळाचं वर्णन म्हणून नको, कारण त्यांच्यासोबत नाग आणि दैत्य येतात.

जहाजावरच्या अंत्यविधीत 'कमिट हिज बॉडी टु द डीप' हे शब्द येतात. १६६२च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातला हा विधीचा भाग आहे. इथला 'डीप' म्हणजे खुद्द समुद्र. 'त्याचा देह आम्ही सागराच्या स्वाधीन करतो.' इथे बोलीभाषा सोडून प्रमाण, जराशी जुनी मराठी वापरा, आजूबाजूचे संवाद बोलीत असले तरीही. विधीचे शब्द तिथेही पुस्तकातलेच असतात.

टप्पा ८: शेवटची चाळणी

आधी सगळे संवाद मोठ्याने वाचा, तेही एकेका पात्राचे सलग. कप्तान आणि पोऱ्या एकाच तोंडाने बुडायला लागले असतील तर ते कानाला कळतं.

मग तयार मराठी फाईलमध्ये हे शब्द एकेक करून शोधा. 'हात': हातांसह कुणी बुडालंय का? 'हरवल': जहाज हरवलंय की बुडालंय? 'मंडळ' आणि 'फळी': मागे 'बोर्ड' दडलाय का? 'आवाज': मागे 'साउंडिंग' आहे का? 'तळ': छावणी की समुद्र? 'सहा फूट': मुळात फॅदम होते का? 'दारू': तोफेची की घशाची? 'लॉकर': एकही उरता कामा नये. 'जलसमाधी': तीनपेक्षा जास्त वेळा आली असेल तर दोन काढा.

वाव आणि मीटरचे आकडे एका कागदावर उतरवून गुणाकार पुन्हा करा. पाच वाव म्हणजे ३० फूट, नऊ मीटरहून किंचित जास्त. ४० वाव पाण्यात नांगर टाकला असं तुमच्या मराठीत आलं असेल आणि मुळात चार असतील, तर साखळी पुरणार नाही, आणि ज्याला समुद्र कळतो असा एकतरी वाचक ते पकडतोच.